डावीकडची गादी

आमची मोटार दुरुस्त होऊन दारात उभी राहिली तेव्हा सगळ्या गावाला आनंद झाला, मला सोडून. हे आज लिहायला मला काही वाटत नाही. त्या दिवशी मात्र मी सगळ्यांच्या पुढे होऊन तिला ओवाळलं, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि "छान आहे, छान आहे" असं इतक्या वेळा म्हटलं की माझ्या नवऱ्यालाच शंका आली. "तब्येत बरी हाय ना वं तुयी?" त्यानं विचारलं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव खामगावपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घरी कापसाची शेती मोठी. सासरे मी येण्याआधीच गेले होते, सासू माझ्या लग्नानंतर दोन वर्षांत गेली. तेव्हापासून कोठीची, कपाटाची, तिजोरीची, सगळी किल्ल्यांची जुडी माझ्या कमरेला. दीर तेव्हा शाळेत होता. त्याचे डबे मी भरले, त्याच्या तापात मी त्याच्या उशाशी बसले आणि तो लग्नाला आला तेव्हा त्याच्यासाठी मुलगीही मीच पसंत केली. अकोल्याची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, नाकीडोळी नीटस. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला माणसाला दुसऱ्या कोणाची मदत लागत नाही, हे मला नंतर कळलं.

मोटार होती एका जिनाच्या, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, जुन्या गोऱ्या साहेबाची. साहेब देश सोडून गेला आणि ती जिनाच्या शेडमध्ये फाटक्या बारदानाखाली कित्येक वर्षं पडून राहिली. दीर कापूस घेऊन खामगावला गेला होता. येताना रिकाम्या गाड्यांमागे ही घेऊन आला. इंजिन मेलेलं, म्हणून आमच्याच बैलांची जोडी पुढे जुंपलेली आणि हा स्टेअरिंगवर बसून बैलांना 'हो हो' करतोय, अशी ती गावात शिरली. टप फाटलेला, गाद्यांत उंदरांनी संसार थाटलेले, रंग नावालासुद्धा उरलेला नाही. पण दिवे मोठे, बेडकाच्या डोळ्यांसारखे वर आलेले. चाकांना सायकलसारख्या तारा. बाजूला लांबलचक पायरी. मोडकी असूनही तिच्यात एक तोरा होता. मला ती पहिल्या नजरेत आवडली, हेही खरं.

मग सुरू झाला तिला ठीकठाक करण्याचा खल. रोज दिवेलागणीच्या आधी दोघे भाऊ ओट्यावर बसत आणि आज हिचं काय करायचं ते ठरवत. माझ्या नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. "मागचं सगळं कापून टाकू. सरकीचे चार पोते आरामात बसतीन." दिराला हे ऐकून घेरी यायची. त्याला ती साहेबाच्या वेळी होती तशीच हवी होती, फक्त रबरी भोंग्याच्या जागी बटणाचा हॉर्न हवा होता आणि हँडल मारण्याऐवजी आतूनच चालू झाली पाहिजे होती. "दादा, हे मोटार हाय, छकडा नाही," तो म्हणायचा. इंजिनाचं काम खामगावच्या एका मिस्त्रीकडे दिलं. त्यावर कोणाचं दुमत नव्हतं, कारण दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं. बाकी सगळ्यावर भांडण.

मी आतल्या दाराशी धान्य निवडत बसायचे आणि ऐकायचे. आमच्या घरात बायका ओट्यावर येत नसत. आलं तर चहाचा ट्रे ठेवायला, आणि ठेवून परत.

एका संध्याकाळी रंगावरून जुंपली. माझा नवरा म्हणाला काळा द्या, मळ दिसत नाही. दीर म्हणाला काळा नको, गाडी म्हशीसारखी दिसेल. आणि मग त्यानं आत तोंड करून हाक मारली, "अवं, इकडं ये जरा. मोटारीले रंग कोनता द्याचा? तुले काय वाटते?"

माझ्या हातातलं सूप थांबलं. मोठ्या भावासमोर, भर ओट्यावर, बायकोला विचारतोय! आता माझा नवरा याला चांगला झापणार, अशा आशेनं मी कान टवकारले. जाऊ डोक्यावरचा पदर पुढे ओढून दाराच्या चौकटीआड उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "मोरपंखी."

माझ्या नवऱ्यानं दाराकडे मान वळवली. मग म्हणाला, "मोरपंखी म्हन्जे नेमका कसा बाप्पा?"

त्यानं तिला विचारलं. ज्या माणसानं आमच्या लग्नाला चौदा वर्षं होऊनही आज भाजी कोणती करू म्हटलं तर "कर कोनतीबी" याच्यापुढे मला उत्तर दिलं नव्हतं, तो तिला रंग कसा असतो ते विचारत होता. आणि ती सांगत होती. निळा आणि हिरवा यांच्या मधला, उन्हात वेगळा आणि सावलीत वेगळा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशीच्या मुगाच्या डाळीत सगळ्यांना खडे लागले.

मोटार कोणाची, त्याचं मला काही नव्हतं. साड्या, दागिने यातही आमच्यात कधी कमीजास्त झालं नाही. माझ्या डोळ्यांत खुपलं ते एवढंच. तिला विचारलं आणि मला विचारलं नाही.

मग मला वाटलं, आज ना उद्या मलाही विचारतील. मोठी आहे मी. रंग तिला विचारला, ठीक आहे, पोरीबाळींना रंगातलं कळतं. पण टपाचं काय? टप फाटलेला होता, तो नवा करायचा होता आणि त्याबद्दल मला खरंच सांगण्यासारखं होतं. माझ्या माहेरी बाया-माणसांना जायला-यायला बैलांची दमणी होती, तिला कापडी टप होता. आमच्याकडे आषाढात झड लागते, आठ-आठ दिवस पाऊस उसंत देत नाही. त्या झडीत कापड भिजून लोंबतं, त्यात पाणी साचतं आणि मग ते आतल्या माणसाच्या डोक्यावर गळतं. शेवटी माझ्या वडलांनी पत्र्याचा टप करून घेतला होता. तेव्हा माझं उत्तर तयार होतं. 'टप टिनाचा करा, कापड झडीत टिकत नाही.' वाक्यसुद्धा ठरवून ठेवलं होतं. भाकरी थापताना मी ते मनात म्हणून पाहायचे.

त्यानंतर मी ओट्यावर फार फेऱ्या मारल्या. चहा नेला, मग पाणी नेलं, मग पान नेलं, मग पाण्याचे रिकामे पेले आणायला गेले. एकदा तर पेले नसतानाच गेले. दोघे भाऊ टपावरच बोलत होते. मी खांबाला टेकून उभी राहिले. माझ्या नवऱ्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "काऊन वं, काही पाह्यजे का?"

"काही नाही," मी म्हणाले.

मी आत वळले आणि मागून दिराची हाक आली. मला नव्हे. "अवं, टप कसा पाह्यजे?" आतून उत्तर आलं, "कापडाचाच शोभते. अकोल्याले सगळ्या तशाच मोटारी पाह्यल्या मी." ठरलं. खाकी कापडाचा टप.

राहिल्या गाद्या. त्यासाठी खामगावहून एक म्हातारे गादीवाले चाचा आले. लाकडी चौकटी त्यांनी उपसून काढल्या, उंदरांची बिळं झाडली. मागची लांब चौकट मधोमध मोडली होती, म्हणून तिच्या दोन वेगळ्या गाद्या करायच्या ठरल्या, एक डावी आणि एक उजवी. चाचा म्हणाले, "भाऊ, इसमें काथ्या लगता. रुई दब जाती, पानी पकडती." नारळाच्या काथ्याचं नाव काढताच दोघे भाऊ महिनाभरात पहिल्यांदा एका बाजूला आले. "घरी कापसाचे ढीग अन् आमच्या मोटारीत नारळाच्या शेंड्या?" माझा नवरा म्हणाला. "गावात तोंड दाखवाची सोय नाही राह्यनार." कापूसवाल्याच्या घरी दुसऱ्या कशावर पाहुणा बसवणं म्हणजे आमच्याकडे नाचक्की. चाचांनी खांदे उडवले.

तेवढ्यात आतून जाऊ म्हणाली, "गाद्या बाई भरतीन. त्यायच्यासारख्या गाद्या कोनालेच भरता येत नाहीत."

बाई म्हणजे मी. दीर लगेच म्हणाला, "हाव, वयनी, तुमीच भरा." झालं. मला मोटारीतलं काम मिळालं. रंग तिनं ठरवायचा, टप तिनं ठरवायचा आणि बाईंनी बसून गाद्या भरायच्या! विचारणं वेगळं आणि सांगणं वेगळं, हे या घरात कोणाला कळत नव्हतं असं नाही. माझ्या बाबतीत कळत नव्हतं.

मी गाद्या भरल्या. उजवी आधी. सरकी काढून पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेली रुई, मऊ, ढगासारखी फुगलेली. थरावर थर हातानं दाबून बसवले, जाड दोऱ्यानं टाके घातले. अशी गादी माझ्या आयुष्यात मी दुसरी भरली नाही. डावीकडे जाऊ बसणार होती, हे आधीच ठरलेलं. डावीकडची खिडकी माझी, असं तिनं मोटार रंगायच्या आधीच सगळ्यांना हसत हसत सांगून टाकलं होतं.

डाव्या गादीसाठी मी कापसाच्या खोलीत गेले. कोपऱ्यात शेवटच्या वेचणीचा कापूस पडून होता, विकायला न नेलेला. त्यात पालापाचोळा, किडकी बोंडं आणि अर्थात सरकी. बोरांच्या बियांएवढी टणक सरकी, मुठीमुठीनं. तो कापूस मी तसाच खोळीत कोंबला. वर आणि बाजूंनी पिंजलेल्या रुईचा पातळ थर दिला, म्हणजे हात फिरवून कळू नये. टाके अगदी सरळ आले. मी मनाशी म्हटलं, बस आता खिडकीत.

चाचा रेक्झिन चढवायला आले तेव्हा त्यांनी डावी गादी उचलली, मग उजवी उचलली, मग पुन्हा डावी. माझ्याकडे पाहिलं. "बाई, ये भारी है," ते म्हणाले.

"असंल," मी म्हणाले.

ते खाली बघून खिळे ठोकायला लागले.

अक्षय तृतीया झाल्यावर मोटारीतून पहिल्यांदा शेगावला दर्शनाला गेलो. मोरपंखी मोटार उन्हात झळकत होती आणि रस्त्यातल्या प्रत्येक गावात लोक हातातली कामं टाकून बघायला येत होते. पुढे दोघे भाऊ, मागे आम्ही दोघी. मी रस्ता पाहिला नाही. मी तिचं तोंड पाहत होते. ती एकदा सरकली, मग जराशी तिरकी बसली, मग पुन्हा सरळ झाली. दीड तासात तिनं एकदाही तोंड वाकडं केलं नाही. मला राहवेना.

"बरी हाय ना गादी?" मी विचारलं.

"मस्त हाय बाई," ती म्हणाली. "तुमी भरलेली हाय ना."

मला वाटलं, हिच्या अंगाला सरकीसुद्धा लागत नाही. सुखी माणसाचं सगळंच वेगळं. दर्शनाच्या रांगेत मी हात जोडून उभी होते, पण मागितलं काय ते आता सांगत नाही.

त्यानंतर बाजार, लग्नं, बारशी, सगळीकडे मोटार गेली. प्रत्येक वेळी ती डावीकडे बसली आणि प्रत्येक वेळी मी तिचं तोंड पाहिलं. काहीच मिळालं नाही.

आषाढात झड लागली. आठ दिवस. मोटार गोठ्याच्या बाजूच्या छपरीत उभी होती, पण पाऊस वाऱ्यानं आडवा आत यायचा आणि छपरीचं गवतही कुजलेलं. तिसऱ्या दिवशी मी गुरांकडे गेले तेव्हा पाहिलं, टपाचं कापड डाव्या बाजूला लोंबलं होतं आणि त्यात पाण्याचं तळं साचलं होतं. अगदी माझ्या माहेरच्या दमणीसारखं. एक काठी घेऊन खालून ढोसलं असतं तर पाणी बाहेर गेलं असतं. मी नाही ढोसलं. मी तिथे उभी राहून ते तळं मनसोक्त पाहिलं. म्हटलं, शोभते ना कापडाचा टप? मग शोभू दे. इतकी खूश मी त्या चार महिन्यांत झाले नव्हते.

नवव्या दिवशी ऊन पडलं. दीर मोटार पुसायला गेला आणि त्याची आरोळी ऐकू आली. आम्ही सगळे धावलो. टप डाव्या बाजूला उसवून आत लोंबत होता. दीर मागचं दार उघडून नुसता उभा होता. डाव्या गादीच्या शिवणीतून, एका टाक्याआड एक, पांढुरके पिवळट कोंब बाहेर आले होते. दोऱ्यासारखे बारीक देठ आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दोन-दोन पानं. कापूस पिकवणाऱ्या घरात कापसाचं रोप कोणाला ओळखून द्यावं लागत नाही.

"पऱ्हाटी!" माझा नवरा म्हणाला. "मोटारीत पऱ्हाटी उगवली बे!" आणि तो हसायला लागला. वाकून पाहून म्हणाला, "पाय ना, तास धरून, रांगेनं उगवली. आता तन काढाले, डवरा माराले झाली." शेजारपाजारचे जमले. जो येईल तो वाकून पाही आणि पोट धरून हसे.

दीर हसत नव्हता. तो कोंब बोटानं उचकटत म्हणाला, "पन दादा, रुईतून पऱ्हाटी कशी उगवन? सरकी आली कुठून?"

हसणं थांबलं. गाद्या कोणी भरल्या, हे सगळ्यांना माहीत होतं. ज्या बाईला डोळे मिटून रुई आणि कापूस ओळखता येतो, तिनं भरल्या होत्या. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. 'टप टिनाचा करा' हे वाक्य चैत्रापासून तयार होतं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा ते माझ्या काहीच कामाचं राहिलं नव्हतं.

"मायी चुकी झाली," मागून जाऊ म्हणाली. "बाईले रुई कमी पडली होती. मीच ढिगातला कापूस आनून देल्ला. मले काय समजते त्यातलं? खोळीत भरून देल्ला, बाईनं वरून शिवलं."

पुन्हा हशा उसळला, आधीपेक्षा मोठा. अकोल्याच्या सूनबाईला रुई आणि कापूस यातला फरक कळत नाही! मॅट्रिक झालेली! दिवाळीपर्यंत गावाला ते पुरलं. विहिरीवर बायका तिला विचारायच्या, यंदा मोटारीत किती क्विंटल निघाला? ती हसायची. मी तिथेच असायचे, आणि मी एकदाही म्हटलं नाही की ते खोटं आहे.

त्याच दुपारी पुरुष जेवून उठल्यावर मी तिला चुलीपाशी गाठलं. "खोटं काऊन बोलली?" मी विचारलं.

ती राखेनं तवा घासत होती. "मले शेगावले जातानाच समजलं होतं बाई," ती म्हणाली. "पयल्याच दिवशी. आमच्या घरी बी गाद्या भरतात."

"मंग बोलली काऊन नाही?"

तिनं तवा उलटा केला. "सगळं मलेच इचारत होते ना. रंग, टप. तुमी पेले नेयाले यायच्या अन् उभ्या राह्यच्या, मी आतून पाह्यत होती. मले लय कसंतरी वाटे. म्हनून म्हनलं, गाद्या बाई भरतीन." तव्यावर पाणी ओतत म्हणाली, "तुमाले राग येईन, असं नाही वाटलं मले."

म्हणजे तिनं मला उभं असलेलं पाहिलं होतं. दोन-अडीच महिने ती माझ्या सरकीवर बसली आणि हसली. मी तिच्या पाया पडायला हवं होतं, लहान असली तरी. पण खरं सांगू का, त्या क्षणी मला तिचा जितका हेवा वाटला तितका रंगाच्या दिवशीही वाटला नव्हता. इतका चांगुलपणासुद्धा तिच्याच वाट्याला! मला तो का नाही?

तिनं हात धुतले, पदराला पुसले. "टप तर फाटला," ती म्हणाली. "हे इचारत होते, आता कायचा करा. मी म्हनलं, बाईले इचारून सांगते. सांगा ना बाई, कायचा करावा?"

विचारलं. कोणीतरी मला विचारलं. उत्तर ओठांवर होतं, रोज भाकरी थापताना घोकलेलं, एका वाक्याचं.

"मले काय समजते मोटारीतलं?" मी म्हणाले. "तुयी मोटार. तूच ठरव."

तिनं घासलेला तवा भिंतीला टेकवून ठेवला. मग बरं म्हणून गेली.

टप पुन्हा कापडाचाच झाला. पुढच्या आषाढात तो पुन्हा गळायला लागला. दिरानं आत येऊन खाली ठेवायला बादली मागितली, आणि मी कोठी उघडून ती काढून दिली.